घराभोवतीची हिरवी वई



कुंपण म्हटले की आज तारेचे आणि सिमेंटच्या खांबांचे कुंपण डोळ्यांपुढे येते. पण आपल्या भागात ज्याला वई म्हणतात, ती झाडोऱ्याची वई, आणि त्यातही बारा महिने हिरवी राहणारी वई, हा आजचा विषय आहे. घराच्या आवाराला, परसबागेला, शाळेच्या मैदानाला किंवा विहिरीजवळच्या भाजीच्या तुकड्याला अशी वई करायची तर कोणते झुडूप लावावे आणि कोणते लावू नये, एवढेच सांगायचे आहे. 'लावू नये' हा भाग जरा लांबेल. चुकीचे झुडूप नुसते वाळून जात असते तर प्रश्न नव्हता. ते गुरांना बाधते, आणि कधी कधी लेकरांनाही बाधते.

हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या बाजूच्या गावांत वई करायची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटायच्या, तुरी झोडल्या की तुराट्या घ्यायच्या, त्यात बोराट्या आणि बाभळीच्या काट्या खोवायच्या, झाली वई. पैसा लागत नाही हे खरे. पण पावसाळ्यात ती कुजते, उधई तिला बुडापासून खाते आणि पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करावे लागते. उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तर वईवरून आग घरापर्यंत जाते. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आपल्या विदर्भातला कापूस कसा खाऊन टाकला, हे कुणाला सांगायला नको. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी उन्हाळाभर दडून राहते. म्हणजे पऱ्हाटीची वई घराभोवती उभी केली, तर अळीला आपण होऊन बिऱ्हाड दिल्यासारखे झाले. वईसाठी जिवंत झुडूप शोधायला हे एक कारणही पुरे आहे.

आता 'सदाहरित' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत असे नाही. ती थोडी थोडी गळतात आणि नवी येत राहतात, म्हणून झाड कधी बोडके दिसत नाही. आपल्या रानातला साग उन्हाळ्यात पार उघडा होतो. पाणी वाचवायची त्याची ती युक्ती आहे. उन्हाळ्यात पाने अंगावर ठेवायची तर झुडपाला दुसरी काही युक्ती हवी. कुणाचे पान जाड आणि मेणचट असते, कुणाच्या अंगात चीक असतो, कुणाची मुळे खोल जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बागेत, किंवा थंड हवेच्या ठिकाणी, जे झुडूप बारमाही हिरवे दिसते, ते वेणेच्या काठी हिरवे राहीलच असे समजू नये. चित्र पाहून रोपे मागवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

जमिनीचीही गोष्ट तशीच. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. तेव्हा आपल्या वईचे झुडूप दोन्ही टोके सोसणारे हवे. अशी झुडपे मूठभरच आहेत, आणि त्यातली बरीचशी आपल्या आसपासच आहेत. ज्या झाडाचे नाव आपल्या गावाच्या नावात बसले आहे, ते हिंगणच पाहा ना. ज्याला संस्कृतात इंगुदी म्हणतात, तेच हे झाड. पाने कमी झाली तरी त्याच्या फांद्या आणि लांब काटे हिरवेच राहतात. पानाचे काम तेच करतात. फळाच्या गराने पूर्वी कपडे धूत. टणक कवच पोकरून त्यात दारू भरण्याची रीतही जुनी आहे. इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात दिवाळीनंतर त्याचीच लढाई खेळतात. शेताच्या धुऱ्यावर, पडीत जागेत हिंगण असेल तर तोडू नका. घराजवळ मात्र त्याचे काटे फार होतात आणि झाड मोठेही होते.

मग घराजवळ काय लावावे? माझ्या मते पहिला मान करवंदीचा. पान गडद हिरवे, चकचकीत, चामड्यासारखे. काटा दुहेरी आणि मजबूत. एकदा मूळ धरले की पाण्यावाचून उन्हाळा काढते. बकरीने कोवळा शेंडा खुडला तरी काटा तिला आत शिरू देत नाही. वरून फळ मिळते. रानातल्या काळ्या करवंदाची चव वेगळी, आणि बागेतले थोराड, गुलाबी-पांढरे करवंद वेगळे. त्याचे लोणचे आणि मुरंबा उत्तम होतो. एक दोष आहे: पहिली दोन-तीन वर्षे ती फार सावकाश वाढते. पिकलेल्या फळातले बी ताजे असतानाच पेरावे. वाळवून डब्यात ठेवलेले बी पुढच्या वर्षी उगवेल, ही आशा धरू नये.

करवंदीची वई किती बळकट होते, याचा दाखला आपल्या देशाच्या इतिहासातच आहे. कंपनी सरकारने, आणि पुढे राणीच्या सरकारने, मिठावर जबर कर बसवला होता. संस्थानांतले आणि समुद्रकाठचे स्वस्त मीठ ब्रिटिश मुलखात चोरून येऊ नये म्हणून वायव्येला सिंधू नदीच्या बाजूपासून खाली बऱ्हाणपुराच्या अंगाने आणि तिथून पूर्वेला ओरिसाकडे, अशी दोन हजार मैलांहून लांब जकातीची रेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागावर भिंत नव्हती, तर वई होती: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर यांची. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे 1867 ते 1870 या काळात या खात्याचे आयुक्त होते, आणि सुक्या काट्यांच्या जागी जिवंत झुडपे लावण्यावर त्यांनी भर दिला. का? तर सुकी वई उधई खाते, जळते आणि दर वर्षी नव्याने करावी लागते म्हणून. म्हणजे आपल्या पऱ्हाटीच्या वईचीच रडकथा! हेच ह्यूम पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. ती रेषा 1879 साली बंद झाली. मिठाचा कर मात्र राहिला, आणि त्याचे पुढे 1930 साली काय झाले ते सेवाग्रामच्या शेजाऱ्यांना मी सांगावे असे नाही. रयतेच्या तोंडचे मीठ अडवण्यासाठी करवंदीला राबवले, हे काही करवंदीचा दोष नव्हे.

दुसरे झुडूप मेंदी. उन्हाची तिला भीती नाही, कात्रीने हवा तो आकार घेते, फुलांचा वास गोड, आणि सणासुदीला लेकीबाळींचे हात रंगतात. बियांवरून करायची तर बी पोत्यात बांधून आठ-दहा दिवस भिजत ठेवावे आणि पाणी रोज बदलावे, मगच वाफ्यात टाकावे. कोरडे बी टाकून उगवत नाही म्हणून पुष्कळ जण निराश होतात. कडक उन्हाळ्यात पाणी अगदीच मिळाले नाही तर मेंदी थोडी विरळ होते, पण पहिल्या पावसाला पुन्हा भरते.

तिसरे कोयनेल, म्हणजे कडू मेंदी. घाई असणाऱ्यांसाठी हे झुडूप. पावसाळ्यात वीतभर फांद्या टोचल्या की लागतात. पान कडू, त्यामुळे गुरे-बकऱ्या त्याकडे वळत नाहीत. शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारात कातरलेली हिरवी वई दिसते ती बरेचदा हिचीच. मात्र वर्षातून तीन-चार वेळा कात्री चालवली नाही तर ती आडवी-तिडवी पसरते आणि वईचे रान होते.

आणि चौथा अडुळसा. याला काटा नाही, म्हणून लोक याला वईत धरत नाहीत. माझ्या मते ही उपेक्षा बरी नव्हे. पान मोठे, सावलीतही हिरवे, आणि बकरी त्याला तोंड लावत नाही. तमिळ भाषेत याला आडातोडै म्हणतात; 'आडु' म्हणजे बकरी, आणि बकरी ज्याला शिवत नाही ते हे झाड, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. खोकल्यावर अडुळशाचा काढा घरोघरी माहीत आहे. एक सूचना मात्र देऊन ठेवतो: गरोदर बाईने अडुळसा पोटात घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावते. जिथे गुरांची ढकलाढकल नाही, म्हणजे न्हाणीघराच्या मागे, भाजीच्या वाफ्याच्या कडेला, तिथे अडुळशाची ओळ फार सोयीची. नाल्याकाठी ओल असेल तर निर्गुडीही तशीच.

फुलांची हौस असणाऱ्यांना जास्वंद, तगर, कुंती आठवत असतील. लावा, पण दोन गोष्टी ऐकून मग लावा. जास्वंद ही कपाशीच्याच कुळातली. 2006-07 च्या सुमारास कपाशीवर जो पांढरा पिठ्या ढेकूण उठला, तो जास्वंदीवर आनंदाने राहतो. तेव्हा घर वावराला लागून असेल तर जास्वंदीची लांबच लांब वई करू नये. दारात एक-दोन झाडे ठेवावीत आणि पांढरा कापसासारखा थर दिसताच ती फांदी कापून जाळावी. दुसरी गोष्ट संत्र्याच्या बागाईतदारांसाठी. कुंती आणि कढीलिंब, ज्याला आपण गोडलिंबही म्हणतो, ही दोन्ही संत्र्या-लिंबाची भावंडे. संत्र्यावर सिला नावाचा जो बारीक कीडा येतो, तो यांच्यावरही वाढतो, आणि संत्र्याच्या झाडाला पिवळे पाडणारा ग्रीनिंग रोग हाच कीडा पसरवतो. आर्वी, कारंजा, आष्टीकडे ज्यांच्या बागा आहेत त्यांनी बागेभोवती कुंतीची वई करू नये. गावात, बागेपासून दूर, स्वयंपाकघराच्या दाराशी एक गोडलिंब असायलाच हवा.

आता नको त्या झुडपांकडे वळतो, आणि इथे गुरुजींनी आणि बाईंनी विशेष लक्ष द्यावे ही विनंती.

कण्हेर बारमाही हिरवी, बारमाही फुललेली, पाण्यावाचून जगणारी आणि कोणत्याही जनावराने न खाल्लेली. कुंपणाला आणखी काय हवे? म्हणूनच तर महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात मैलच्या मैल कण्हेर लावलेली दिसते, आणि तिथे ती योग्यही आहे. पण कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ सगळे विषारी आहे आणि ते विष थेट हृदयावर चालते. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, बी तर फारच घातक. बिट्टीची फळे मुले खेळायला घेतात, हे तुम्ही पाहिले असेल. कापलेल्या कण्हेरीच्या फांद्या वैरणीत मिसळल्या गेल्या तर बैल दगावतो. हिरवी असताना जनावर ती ओळखून टाळते, पण सुकलेले पान कडब्यातून सहज पोटात जाते. ज्या आवारात लहान मुले किंवा गुरे आहेत, तिथे कण्हेरीची वई नको.

त्याहून जास्त काळजीची गोष्ट चंद्रज्योतीची, जिला कुणी मोगली एरंड म्हणतात, कुणी रतनज्योत. धुऱ्यावर फांदी खोचली की लागते, बकरी खात नाही, म्हणून हिची वई फार जुनी. 2003 नंतरच्या काळात तिच्या बियांपासून गाडीचे इंधन निघेल म्हणून देशभर तिचा मोठा गाजावाजा झाला आणि पडीत जागांवर, शाळांच्या मागेही ती लावली गेली. इंधनाचा बोलबाला विरला, झुडपे राहिली. तिच्या फळातली बी शेंगदाण्यासारखी लागते, चव गोडसर असते. मधल्या सुटीत एक मूल खाते, त्याचे पाहून दहा खातात, आणि तासाभरात वांत्या आणि जुलाब सुरू होऊन दहाच्या दहा मुलांना दवाखान्यात न्यावे लागते. वर्तमानपत्रांत अशा बातम्या वरचेवर येतात. शाळेच्या हद्दीत चंद्रज्योत असेल तर ती या पावसाळ्यापूर्वी मुळासकट काढावी आणि त्या जागी करवंद किंवा मेंदी लावावी. तोवर मुलांना ते झाड आणि ते फळ हातात धरून दाखवावे. 'खाऊ नका' हे फळ्यावर लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. आणि एखाद्या मुलाने खाल्लेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आणि ते बी बरोबर घेऊन जावे, म्हणजे डॉक्टरांना नेमके काय पोटात गेले ते कळते.

घाणेरी हीदेखील बागेतूनच रानात गेलेली. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिला कलकत्त्याच्या बागेत आणले. पाखरांनी तिचे बी देशभर नेले. आज आपल्या जंगलांत गवताची जागा तिने धरली आहे. गुरांनी ती खाल्ली तर काळीज म्हणजे यकृत बिघडते, आणि मग उन्हात त्यांची कातडी सोलून निघते. बेशरम तर नावानेच ओळखावा. गुलाबी-जांभळी फुले, नाल्यात टाकलेली फांदीही रुजते, आणि बकरीला एकदा त्याची चटक लागली की ती तेच शोधत फिरते आणि शेवटी तिचे पाय लटपटू लागतात. शेराची वई जोरकस होते, पण तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यावर बेतते. फड्या निवडुंगाची वई आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली असेल. ते इतके माजले होते की 1926 साली त्यावर एक परदेशी कीडा आणून सोडावा लागला, आणि त्याने थोड्याच वर्षांत दक्षिण भारतातले निवडुंगाचे रान झोपवले. वईसाठी आणलेले झाड आवाराबाहेर गेले की पुढे काय होते, ते यावरून पाहा.

आता लावणीचे. वईच्या ओळीत दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर मे महिन्यातच खणावा आणि पंधरा दिवस उन्हाने तापू द्यावा. मग चांगले कुजलेले शेणखत आणि काळ्या मातीत थोडा मुरूम किंवा रेती मिसळून तो भरावा, आणि भरताना जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा करावा. ही उंची फार महत्त्वाची. आपल्याकडे वईची रोपे उन्हाळ्यात मरण्याआधी श्रावणात पाणी तुंबूनच अर्धी मरतात, आणि बोल मात्र उन्हाला लागतो. दोन-तीन चांगले पाऊस झाले की दोन ओळींत रोपे लावावीत. ओळींत एक फूट अंतर आणि रोपांतही एक फूट, पण पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतले रोप यावे. करवंदीला दोन फूट द्यावेत.

रोप हातभर झाले की लोक खूश होतात. तिथेच कात्री हवी. नऊ इंचांवर शेंडा कापावा, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. पुन्हा वीतभर वाढले की पुन्हा कापावा. हे पहिल्या वर्षी केले नाही तर वई वरून दाट आणि खालून भोंगळ होते, आणि कोंबड्या, कुत्री आणि शेजारची शेळी खालूनच येतात. आकार ठेवायचा तो खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. वरती रुंद अशी छत्रीसारखी वई पुष्कळ ठिकाणी दिसते. ती दोन-चार वर्षांत खालून उघडी पडते.

पाण्याचा हिशेब शाळेत गणित म्हणून घालायला हरकत नाही. पन्नास फूट लांब वईला दोन ओळी धरून सुमारे शंभर रोपे लागतात. रोपाला दीड लिटर पाणी धरले तर एका वेळेला दीडशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दहा बादल्या. पहिल्या उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी एवढे पाणी हवे, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याने, आणि तिसऱ्यापासून करवंदीला बहुतेक लागत नाही. न्हाणीचे, भांडी धुतल्याचे पाणी यात जिरवावे. बुडाशी पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर दिला तर भेगा पडत नाहीत. उधई दिसली तर तेवढा थर बाजूला करून माती उकरावी. वर्ध्यात 1937 साली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकण्याचा विचार देशापुढे ठेवला गेला. आज शाळांतून पोषण आहारासाठी परसबागा होत आहेत, त्यांना राखण म्हणून मुलांनी वाढवलेली अशी वई असली तर दोन्ही कामे एका फावड्यात होतात.

एक नाजूक विषय राहिला. धुऱ्यावरची भांडणे आपल्या जिल्ह्यात कोर्टापर्यंत जातात. वई हद्दीच्या रेषेवर न लावता आपल्या बाजूला दोन-तीन फूट आत घ्यावी. जमीन गेल्यासारखी वाटेल, पण पलीकडून छाटायला जागा मिळते आणि फांद्या शेजाऱ्याच्या अंगणात जात नाहीत. खणण्याआधी शेजाऱ्याला बोलावून दोरी धरायला लावावी. एका दोरीला दोघांचे हात लागले की पुढे मोजणीवाल्याची गरज सहसा पडत नाही.

आणि रानडुक्कर, रोही? हा प्रश्न मला ठिकठिकाणी विचारतात. खरे सांगायचे तर रोही हिरव्या वईवरून उडी मारतो आणि डुक्कर खालून मुसंडी देते. दाट, जुन्या करवंदीने डुकराची वाट अवघड होते, बंद होत नाही. म्हणून काही जण वावराला विजेची जिवंत तार लावतात. तिला शिवून विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत, कधी कधी तर तार लावणाऱ्याच्याच घरची. बोरचे जंगल 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याच्या आजूबाजूला ही गोष्ट अधिकच जपावी लागते. त्या तारेपेक्षा करवंदीचे अपुरे कुंपण आणि रात्रीची राखण बरी. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकते पण मरत नाही.

रोपांसाठी लांब जायला नको. सामाजिक वनीकरणाच्या आणि वन खात्याच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडाशी चौकशी करावी. करवंदीची रोपे मिळाली तर आधी ती घ्यावीत. मेंदी आणि कोयनेल विकत घ्यायचे कारणच नाही. ज्याच्याकडे चांगली वई आहे त्याच्याकडे आषाढात छाटणीच्या वेळी जावे, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या मागून आणाव्यात, त्याच दिवशी दोन भाग मातीत आणि एक भाग वर अशा टोचाव्यात, आणि पोळ्यापर्यंत त्यांना उपटून पाहू नये.